दोन वह्या: एक चाव्याची, एक जबड्याच्या दुखण्याची

प्रश्न असा आला आहे: "बीडीएस होऊन चार वर्षं झाली. तालुक्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक आहे. रूट कॅनॉल, कॅप, ब्रिज, कवळी ही कामं जमतात. पण बाईट (दातांचा चावा) आणि टीएमजेचा (जबड्याच्या सांध्याचा) विषय निघाला की हात थबकतो. तीन महिन्यांपूर्वी एका शिक्षिकेच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनॉल करून कॅप बसवली. त्यानंतर उजव्या कानापुढे 'कट' असा आवाज यायला लागला. गेले तीन आठवडे आवाज बंद आहे, पण तोंड दोनच बोटं उघडतं आणि दुखतं. एका दोन दिवसांच्या कोर्समध्ये ही केस दाखवली, तर तिथल्या सरांनी आधी स्प्लिंट (दातांवर चढवायचा प्लास्टिकचा साचा) आणि मग पूर्ण तोंडाचं रिहॅबिलिटेशन (सगळ्या दातांना कॅप घालून नवा चावा देणं) सुचवलं. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हेही सांगता येईना. हा विषय नीट कुठून आणि कसा शिकावा?"

डॉक्टर, तुम्हाला ते पटलं नाही हे बरं झालं, आणि का पटलं नाही तेही सांगते. तुमच्या पेशंटला झालंय दुखणं आणि तुम्हाला उत्तर मिळालं ते चाव्याचं. हे दोन विषय आहेत. कॉलेजात ते आपल्याला एकत्र कालवून वाढले जातात आणि पुढं बरेच कोर्सवालेही तसेच वाढतात. मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळी यांतली तज्ज्ञ. २६ वर्षं प्रॅक्टिस करते आणि त्यातली १८ वर्षं क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरांना हे शिकवते आहे. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी दोन वह्या आणायला सांगते. एकीवर 'चावा' लिहायचं, दुसरीवर 'दुखणं'. पहिले तीन महिने एका वहीतली ओळ दुसऱ्या वहीत न्यायची नाही.

चावा, म्हणजे ऑक्लुजन, शिकायचं ते आपलं काम नीट व्हावं म्हणून. कॅप उंच लागू नये, ब्रिजचं पोर्सिलेन उडू नये, कवळी हलू नये, झिजलेल्या दातांना उंची देताना आपण कुठं निघालोय ते आधी ठाऊक असावं. ही कारागिरी आहे आणि ती हातानंच येते. जबड्याचं दुखणं मात्र गुडघ्याच्या किंवा मानेच्या दुखण्याचं सख्खं भावंड आहे. तिथं शिकायचं ते ऐकणं, चाचपणं, निदान करणं आणि पुष्कळदा हात आवरणं.

कॉलेजात हे कसं विखुरलेलं असतं ते आठवून बघा. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरताना कस्प (दाताचे उंचवटे) आणि फोसा (खळगे) भेटतात. पुढं मीन व्हॅल्यू आर्टिक्युलेटरवर (जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या साध्या यंत्रावर) कवळीचे दात लावताना बॅलन्स्ड ऑक्लुजन. ऑर्थोमध्ये (दात सरळ करण्याच्या शाखेत) अँगलचे क्लास, क्राउन-ब्रिजमध्ये कॅनाइन गायडन्स, आणि सांधा भेटतो तो थेट ओरल सर्जरीत, निखळलेला नाहीतर जखडलेला. हे सगळं एकाच माणसाच्या तोंडात एकत्र कसं नांदतं हे कोणी बसून सांगत नाही. मी दर बॅचला विचारते की इंटर्नशिप संपेपर्यंत किती पेशंटांचं तोंड किती मिलिमीटर उघडतं ते पट्टीनं मोजून केसपेपरवर लिहिलंत? एखाद-दुसरा हात वर होतो. मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात. त्यांना कोणी मोजायलाच लावलेलं नसतं.

ही गल्लत जुनी आहे. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी ११ पेशंटांवरून एक निबंध लिहिला. दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांध्याचं टोक मागं सरकून कानाच्या बाजूला आणि नसांवर दाब देतं, म्हणून कान दुखतो, चक्कर येते, असं त्यांचं म्हणणं. उपाय काय, तर दातांची उंची वाढवा. पुढं हॅरी सिकर यांच्यासारख्या शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की ज्या नसांवर दाब येतो म्हणतात त्या तिथं तशा दाबल्याच जात नाहीत. पण तोवर दंतवैद्यांच्या हाती एक कारण आलं होतं, आणि ते आपल्याच हँडपीसनं (दात घासायच्या यंत्रानं) दूर करता येण्यासारखं होतं. म्हणूनच ते इतकं टिकलं. १९८७ साली मिशिगनमध्ये एका ज्यूरीनं दात काढून केलेल्या ऑर्थो उपचारालाच सांध्याच्या दुखण्यासाठी जबाबदार धरलं. त्यानंतर त्या शाखेनं कंबर कसून अभ्यास केला आणि त्यातून दिसलं ते असं की ब्रेसेसमुळे हे दुखणं होत नाही आणि ब्रेसेस लावून ते बरंही होत नाही.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. माझ्या शिक्षकांच्या पिढीनं सेंट्रिक रिलेशनची, म्हणजे दात कसे मिटतात ते न बघता ठरवलेल्या जबड्याच्या जागेची, व्याख्या 'सांधा सगळ्यात मागं' अशी पाठ केली होती. १९८७ च्या प्रोस्थोडॉन्टिक परिभाषेत ती 'वर आणि पुढं' अशी झाली. व्याख्या पार उलटली. पेशंटांचे सांधे मात्र होते तिथंच होते. हे मी कोणाला कमी लेखायला शिकवत नाही. सेंट्रिक रिलेशन ही आपल्यासाठी एक उपयोगी, पुन्हा पुन्हा सापडणारी जागा आहे. मोठं काम करताना ती लागते. पण जबड्याची एकच खरी जागा असते, ती चुकली म्हणून दुखतं आणि ती मला सापडते, असं कोणी मंचावरून म्हणालं तर तिथं थांबून प्रश्न विचारायला शिका.

आता पहिली वही. सुरुवात कार्बनपासून. आपण पेशंटला 'कार्बन चावा' म्हणतो तो आर्टिक्युलेटिंग पेपर कॉलेजात बहुतेकांनी एकच पाहिलेला असतो, निळा, जाड, २०० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो आणि स्वतःच्या दातांमध्ये २० मायक्रॉनच्या आसपासची वस्तूही माणसाला जाणवते. म्हणजे पेशंट सांगतो 'अजून लागतंय' तेव्हा तो खरं सांगत असतो आणि आपला कागदच जाड असतो. शिवाय ओल्या दातांवर तो कागद सगळीकडे फासतो आणि आपण नको तिथं घासत बसतो.

माझ्या वर्गात एक पूर्ण सकाळ यातच जाते. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. समोरच्याचे दात कापसानं आणि हवेनं कोरडे करायचे. पेशंटला आडवं न ठेवता ताठ बसवायचं, कारण झोपल्यावर जबडा थोडा मागं जातो आणि माणूस जेवतो बसून. ४० मायक्रॉनचा लाल कागद घेऊन जबडा डावी-उजवीकडे घासायला लावायचा, मग निळा कागद घेऊन नुसतं टक-टक मिटायला सांगायचं. निळ्या ठिपक्यांवर नेहमीचा चावा असतो, नुसत्या लाल रेघा म्हणजे घसरण्याची वाट. जोराचा संपर्क असला की बऱ्याचदा ठिपक्याच्या मधोमध रंग नसतो, भोवती कडं उठतं. मोठा गडद डाग म्हणजे जास्त जोर, ही समजूत सोडून द्या. डागाच्या आकारावरून जोर कळत नाही.

मग ८ मायक्रॉनची शिमस्टॉक फॉइल. चांदीच्या वर्खासारखी दिसते, चिमट्यात धरायची, दाढांमध्ये ठेवून मिटायला सांगायचं आणि हळूच ओढायची. अडकली म्हणजे तो दात टेकतो, सुटली म्हणजे टेकत नाही. एवढंच. पण याचा खरा उपयोग शेवटी नसून सुरुवातीला आहे. कॅपसाठी दात कमी करण्याआधी, इंजेक्शनही देण्याआधी, दोन्ही बाजूंच्या कोणत्या दातांत फॉइल अडकते ते केसपेपरवर लिहून ठेवा. कॅप बसवल्यावर त्याच दातांत ती पुन्हा अडकली पाहिजे आणि नव्या कॅपखालीही अडकली पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे. या विषयातली एकच सवय कोणाला लावता आली, तर मी हीच लावीन. तुमच्या शिक्षिकेच्या केसपेपरवर त्या दोन ओळी असत्या, तर कॅप उंच होती की नव्हती हा प्रश्न आज तुम्हाला तीन महिन्यांनंतर अंदाजानं सोडवावा लागला नसता.

फेसबो (वरच्या जबड्याची सांध्यापासूनची जागा आर्टिक्युलेटरवर नेणारी चौकट) आणि सेमी-अ‍ॅडजस्टेबल आर्टिक्युलेटर शिका, पण त्याला भिऊ नका आणि त्याची पूजाही करू नका. एक-दोन कॅप करायच्या असतील आणि बाकीचे दात नीट मिटत असतील तर पेशंटचा नेहमीचा चावाच आपला मार्गदर्शक. तो जपायचा. अनेक दात एकदम करायचे, मागचा आधारच उरलेला नाही, उंची बदलायची, अशा वेळी जबड्याची नवी जागा ठरवावी लागते आणि तिथं लीफ गेज (पुढच्या दातांत ठेवायच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा), दोन्ही हातांनी जबडा सैल करून मिटवणं, डायग्नॉस्टिक वॅक्स-अप (नवे दात आधी मॉडेलवर मेणात करून बघणं) हे सगळं आलंच पाहिजे. मी प्रत्येकाला स्वतःच्या दातांची मापं घेऊन, मॉडेल बसवून, वरच्या दातांवर स्वतःसाठीच एक स्प्लिंट बनवायला लावते. पारदर्शक हीट-क्युअर अ‍ॅक्रिलिकचा, सगळे दात झाकणारा, दाढांवर दोनेक मिलिमीटर जाड. मिटल्यावर खालचे सगळे दात एकदम टेकले पाहिजेत, बाजूला सरकताना सुळ्यांनी बाकीचे दात सोडवले पाहिजेत. हा घालून सात रात्री झोपायचं आणि आठव्या दिवशी पुन्हा कार्बन लावायचा. ठिपके बदललेले असतात. स्नायू सैल झाले की जबडा किंचित वेगळा मिटतो, म्हणून स्प्लिंट देऊन पेशंटला 'सहा महिन्यांनी या' सांगायचं नसतं, हे त्या आठव्या दिवशी जसं कळतं तसं कुठल्याही स्लाइडवरून कळत नाही. एका डॉक्टरांनी मला सांगितलं की हिरडीला टोचणारी एक कड त्यांनी रात्री दोन वाजता नेलफाइलनं घासली. पेशंट घरी काय काय करत असेल ते त्यांना त्या रात्री समजलं.

दुसरी वही उघडताना मी वजनकाटा टेबलावर ठेवते, स्वयंपाकघरातला साधा डिजिटल. तर्जनी आणि मधलं बोट जोडून काट्यावर दाबायचं आणि आकडा १ किलोवर दोन सेकंद स्थिर ठेवायचा. डोळे मिटून पुन्हा. बहुतेकांचं पहिलं दाबणं ३०० ग्रॅमचं तरी असतं नाहीतर अडीच किलोचं तरी. २०१४ साली प्रसिद्ध झालेले डीसी-टीएमडी नावाचे निदानाचे निकष जगभर वापरले जातात (टीएमडी म्हणजे जबड्याच्या सांध्याची आणि स्नायूंची दुखणी). त्यांत गालाचा मॅसेटर आणि कानशिलाचा टेम्पोरॅलिस हे स्नायू १ किलोनं, आणि कानापुढचं सांध्याचं टोक अर्ध्या किलोनं चाचपायचं असतं. बोटाला वजनाची सवय लागली नसेल तर दुखऱ्या आणि न दुखणाऱ्या स्नायूत फरक करणार कसा?

आणि दाबून 'दुखतं का?' एवढं विचारणं पुरेसं नाही. दाबल्यावर कोणाचंही थोडं दुखतंच. विचारायचं ते असं: "तुम्हाला एरवी जे दुखतं, तेच हे दुखणं का?" निकषांचं मर्म याच एका प्रश्नात आहे. पेशंट क्षणभर थांबते, डोळे बारीक करते आणि म्हणते, "हो हो, हेच ते." ते ओळखीचं दुखणं सापडलं की निदान सापडत जातं. कॉलेजात आपल्याला वरच्या शेवटच्या दाढेमागं बोट घालून लॅटरल टेरिगॉइड हा स्नायू चाचपायला शिकवलं होतं. तिथं जवळजवळ सगळ्यांनाच दुखतं, त्यावर निदान टेकवू नका.

मग पट्टी. वरच्या पटाशीच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत, तीन आकडे: न दुखता किती उघडतं, दुखलं तरी जास्तीत जास्त किती, आणि आपण बोटांनी हलका जोर देऊन किती. त्यात वरचे दात खालच्यांवर जेवढे येतात तेवढे मिलिमीटर मिळवायचे. ही बेरीज ४० च्या आसपास किंवा वर गेली तर ठीक. जोर दिल्यावर तोंड सहज आणखी उघडलं तर अडथळा बहुधा स्नायूचा, दाराला आतून कडी असल्यासारखं टणक थांबलं तर सांध्याचा. जबडा उघडताना सरळ येतो की एका बाजूला ओढला जातो, तेही लिहायचं.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमची केस इथंच आहे. सांध्यात हाडाच्या टोकावर एक चकती असते. ती पुढं घसरलेली असली की तोंड उघडताना टोक तिच्यावर चढतं आणि 'कट' वाजतं. असा आवाज पुष्कळ धडधाकट लोकांत असतो, दुखत नसेल तर त्याला उपचार लागत नाही, आणि आवाज घालवण्यासाठी म्हणून तर काहीच करायचं नाही. पण कधी टोक चकतीवर चढायचंच थांबतं. मग आवाज बंद होतो आणि तोंड २५-३० मिलिमीटरवर अडतं. पेशंटला वाटतं आवाज गेला म्हणजे बरं झालं. वास्तविक तो आवाज 'अजून चढता येतंय' असं सांगत होता. भीती दाखवण्यासारखं यातही फारसं नसतं. बऱ्याच जणांत काही महिन्यांत चकतीमागचा भाग जुळवून घेतो, दुखणं ओसरतं आणि तोंड बरंचसं उघडायला लागतं.

तोंड न उघडण्याची आपल्याकडची मोठी कारणं मात्र परदेशी कोर्सच्या स्लाइडवर नसतात. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, गुटखा (राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी खाणारे खातातच), जेवणानंतरची साधी सुपारी, या सगळ्यांतून सबम्यूकस फायब्रोसिस होतो. गालाचं आतलं अस्तर पांढुरकं, ताठ होतं, बोट फिरवलं की दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात, तिखट लागलं की जळजळतं. असा एक तरुण ड्रायव्हर माझ्याकडे दोन स्प्लिंट घेऊन आला होता. गालात बोट घालून कोणी बघितलंच नव्हतं. याला सांध्याचा उपचार नाही. सुपारी सोडवायची, ओरल मेडिसिनकडे (तोंडाचे आजार बघणाऱ्या विभागाकडे) पाठवायचं आणि कॅन्सरवर कायम लक्ष ठेवायचं. याशिवाय अक्कलदाढेचा पू, खालच्या जबड्याच्या इंजेक्शननंतर आखडलेला स्नायू, गाठ, आणि दातखिळी बसली म्हणून आलेला पण प्रत्यक्षात धनुर्वाताचा पेशंट, हे सगळं डोक्यात हवं.

वहीच्या मागच्या पानावर लाल शाईनं चार ओळी लिहून ठेवा. पन्नाशीनंतर नव्यानं कानशील दुखतं, घास चावता चावता जबडा भरून येतो, नजर अंधुक होते: ही कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते, दृष्टी जाऊ शकते, त्याच दिवशी फिजिशियनकडे. जिना चढताना जबडा दुखतो आणि बसल्यावर थांबतो: हृदय. तोंड धुताना, वारा लागताना विजेचा झटका बसल्यासारखी कळ: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या नसेचं दुखणं), यात चांगल्या दाढा उपटलेले पेशंट मी पाहिले आहेत, एकीच्या तीन गेल्या होत्या. आणि ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, वजन उतरणं, गाठ: आधी स्कॅन, मग बाकी सगळं.

निदान स्नायूचं किंवा सांध्याचं साधं दुखणं असं ठरलं की उपचार शिकायचे त्यांचा क्रमही महत्त्वाचा. पहिला उपचार म्हणजे समजावून सांगणं, आणि ते पाच मिनिटांत होत नाही. दिवसभरात दातावर दात टेकतात ते सगळं मिळून वीसेक मिनिटं, हे ऐकून पेशंट चकित होतात. कितीतरी जण कॉम्प्युटरसमोर, गाडी चालवताना, पोळ्या लाटताना दात आवळून असतात. त्यांना मी सांगते की 'न' म्हणा आणि जीभ जिथं लागली तिथंच राहू द्या. ओठ मिटलेले, दात सुटे. आपल्या 'न'चा इतका उपयोग दुसरीकडे कुठं होत नसेल. दारावर, मोबाइलवर एक ठिपका चिकटवा, तो दिसला की दात सुटे आहेत का बघा. दिवसातून दोनदा गरम शेक, पंधरवडाभर मऊ जेवण: वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी चालेल, ऊस, चिक्की, खारे दाणे नकोत. जांभई येताना हनुवटीखाली मूठ. मग जबड्याचे हलके व्यायाम, आणि शक्यतो जबडा आणि मान हाताळणारी फिजिओथेरपिस्ट शोधून तिच्याशी ओळख करून घ्या. तिचा फोन नंबर कुठल्याही मशिनपेक्षा जास्त कामाला येतो.

डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांनी सर्वांत वर ठेवलं ते हेच: समजावणं, घरचे व्यायाम, हातानं केलेली थेरपी, विचार-वर्तनाची थेरपी. चावा कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंटला त्यांनी ठाम नकार दिला आणि साध्या, काढता येणाऱ्या स्प्लिंटबद्दलही हात आखडता घेतला. मी स्वतः साधा स्प्लिंट अजून वापरते, झोपेत दात खाणाऱ्यांचे दात वाचवायला आणि सकाळी जबडा आखडून उठणाऱ्यांना, फक्त रात्री आणि वेळेवर तपासून. पण तो टीएमडीचा उपचार आहे असं मी शिकवत नाही. आणि पुढचेच दात झाकणारा छोटा स्प्लिंट महिनोन्‌महिने दिवसरात्र देऊ नका. झाकलेले दात दबतात, मोकळे वर येतात आणि नसलेला आजार आपण तयार करतो.

चावा बदलून दुखणं बरं करायचा नाद मी का सोडला ते सांगते. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एका नावाजलेल्या कोर्सहून मी परत आले होते. बँकेत काम करणारी २९ वर्षांची पेशंट, दोन्ही कानशिलं दुखायची. मी तिचा चावा 'समतोल' करायला घेतला. पहिल्या बैठकीनंतर आठवडाभर तिला बरं वाटलं आणि मला खात्री पटली. मग म्हणाली, आता डावीकडे लागतं. तेही घासलं. चौथ्या बैठकीनंतर ती खुर्चीत बसून मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती, आणि रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, दात कुठं ठेवायचे तेच कळत नाहीये." इनॅमल परत येत नाही. पाच महिन्यांनी कळलं की त्या काळात तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या आणि ती रात्री चार तासांहून जास्त झोपत नव्हती. मी ते विचारलंच नव्हतं. माझ्या तपासणीत तसा रकानाच नव्हता.

आता आहे. झोप, इतर अंगदुखी, डोकेदुखी, घरातली-नोकरीतली ओढाताण, मन उदास राहणं, हे डीसी-टीएमडीच्या दुसऱ्या अक्षात (मन आणि रोजचं जगणं तपासणाऱ्या भागात) येतं आणि त्याच्या छोट्या प्रश्नावल्या आहेत. अमेरिकेत ओपेरा नावाच्या अभ्यासात अडीच हजारांहून जास्त निरोगी माणसांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. दर वर्षी सुमारे ४ टक्क्यांना हे दुखणं नव्यानं जडलं, आणि कोणाला जडेल हे आधी सांगणाऱ्या गोष्टींत शरीरातली इतर दुखणी आणि बिघडलेली झोप ठळक निघाली. म्हणून पहिल्या भेटीला ४० मिनिटं ठेवा आणि त्याची फी घ्या. तपासणीची फी घ्यायला आपल्याला संकोच वाटतो, मग ती भरून काढायला हातून स्प्लिंट निघतो.

एक प्रकारचा पेशंट मात्र आधीच ओळखायला शिका. पिशवीतून पाच-सहा स्प्लिंट, तीन-चार मॉडेलं आणि स्वतः काढलेले दातांचे फोटो टेबलावर मांडतो, आणि कोणता दात किती उंच आहे हे तुम्हाला सांगतो. फॉइल लावली तर चावा ठीक असतो. याला ऑक्लुजल डिसएस्थेसिया म्हणतात. इथं एक मायक्रॉनही घासायचं नाही. त्या माणसाचा त्रास खरा असतो, तो फक्त दातांत नसतो. वेदनातज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यासोबत तो सावकाश हाताळावा लागतो.

कुठं शिकावं? अमेरिकेत २०२० साली ओरोफेशियल पेनला (तोंड-चेहऱ्याच्या दुखण्याला) दंतवैद्यकाची १२वी विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे तशी एमडीएसची (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाची) शाखा नाही. हे पेशंट ओरल मेडिसिन, प्रोस्थो आणि ओरल सर्जरी यांच्यात वाटले जातात. म्हणून कोर्सआधी जवळच्या डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिनच्या ओपीडीत महिन्यातून दोन दिवस बसायची परवानगी मागा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी कॉलेजं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. खाजगी कॉलेजातही चांगले शिक्षक सापडतात. नुसतं बघा, चाचपा, मोजा, लिहा. २० पेशंट नीट लिहून झाले की कोर्स निवडताना तुमचे प्रश्नच बदलतील. शिकवणारा स्वतःची बिघडलेली केस दाखवतो का? पाच वर्षांनंतरचे फोटो आहेत का? पेशंटला आपला हात लागणार की नुसता प्रोजेक्टर? दुखण्याच्या प्रत्येक केसचा शेवट २८ कॅपवर होतो का? शेवटच्या दिवशी मशीन विकायला ठेवलंय का? चाव्याचा कोर्स चाव्यासाठी करा, चांगले आहेत. त्यात 'टीएमडीसुद्धा बरा करा' असं छापलं असेल तर तेवढा भाग ऐका आणि वहीत उतरवू नका.

आता तुमच्या शिक्षिका. सोमवारी बोलवा. आधी विचारा की रूट कॅनॉलच्या दिवशी तोंड किती वेळ उघडं होतं, त्यानंतर किती दिवस आखडलं होतं, आणि त्याआधी कधी आवाज यायचा का. दाढेच्या लांबलेल्या बैठकीनंतर सांधा असा बिघडू शकतो. तसं असेल तर त्यांना मोकळेपणानं सांगा, पुढच्या वेळी बाईट ब्लॉक वापरू आणि मध्ये विश्रांती देऊ म्हणा. गालात बोट फिरवा, सुपारीचं विचारा. तिन्ही आकडे घ्या. जबडा उघडताना उजवीकडे ओढला जात असेल, डावीकडे सरकवताना अडत असेल आणि जोर दिल्यावर टणक थांबत असेल तर चकती अडकलीय असं धरून चाला.

मग फॉइल. कॅपवर ती घट्ट अडकते आणि शेजारच्या दातांत सुटते असं दिसलं तर फक्त कॅप कमी करा, पॉलिश करा आणि समोरच्या दाताला हात लावू नका. ती तुमच्या कामातली चूक दुरुस्त करणं आहे, तेवढ्यानं सांधा उघडेल असं त्यांना सांगू नका. कॅप ठीक असेल तर तीही राहू द्या. शेक, मऊ जेवण, 'न'ची जागा, त्यांना चालत असेल तर थोड्या दिवसांची सूज उतरवणारी गोळी, आणि याच आठवड्यात फिजिओथेरपी सुरू. वर्गात दिवसभर बोलावं लागतं, तर मधल्या तासाला दहा मिनिटं जबड्याला विश्रांती देता येते का ते त्यांच्याशीच ठरवा. तीन आठवडेच झालेत, म्हणून वाट बघण्यात फार दिवस घालवू नका. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. चार-पाच मिलिमीटर वाढले असतील तर त्याच वाटेनं पुढं जा. आकडा तिथंच असेल तर तोंड मिटून आणि उघडून असा दोन्ही स्थितींतला एमआरआय आणि अशा सांध्यांची सवय असलेले ओरल सर्जन. ते सांधा सुईनं धुण्याचा विचार करतील. चिठ्ठीत तुमचे आकडे तारखेसह लिहा. आणि मधल्या काळात तोंड आणखी कमी उघडायला लागलं, किंवा ओठ-हनुवटी बधिर झाली, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी पाठवा.